केळं नको, आधी एक्स-रे!

रात्री साडेनऊला फोन येतो. "डॉक्टर, बाळाने रुपया गिळलाय. तीन केळी खायला घातली आहेत. किती वेळाने पडेल?"

असे फोन मला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी येतात. कधी रुपया असतो, कधी गोटी, कधी आईच्या कानातली फिरकी. केळ्यांची संख्या बदलते, पण प्रश्न तोच असतो: किती वेळाने पडेल? मी उलट विचारतो, "रुपयाच होता हे कोणी पाहिलं?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "पाहिलं नाही, पण रुपयाच असेल. तिथे रुपयेच पडले होते."

या 'असेल'वर आजचा लेख आहे. मी रागावून लिहितोय हे आधीच सांगतो. राग त्या आईवर नाही, ती घाबरलेली आहे. राग 'थांबा, पडेल' या सल्ल्यावर आहे. हा सल्ला आजी देते, शेजारच्या काकू देतात, मेडिकलवाला देतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ देतो, आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही डॉक्टरही देतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: शरीरात नको ती वस्तू गेली की जिथे हात आवरायचा तिथे आपण हात घालतो, आणि जिथे धावायचं तिथे थांबून राहतो. घाईही चुकीच्या जागी आणि उशीरही चुकीच्या जागी.

आधी माझी चूक

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःची गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करत होतो. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील आले. "नाणं गिळलं" म्हणाले. मूल खेळत होतं, रडत नव्हतं, श्वास नीट होता. मी पोट दाबून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि रुबाबात सांगितलं, "काही नाही, केळं द्या, दोन दिवसांत शौचातून पडेल." एक्स-रे मशीन गावात होतं. माझ्या दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. मुलाच्या तोंडातून लाळ गळत होती, दूधही गिळत नव्हतं, ताप चढला होता. आता एक्स-रे काढला. अन्ननलिकेत गोल वस्तू अडकलेली होती, पण तिच्या कडेला एकात एक अशी दोन वर्तुळं दिसत होती. नाण्याला असं दुहेरी वर्तुळ नसतं. ते नाणं नव्हतंच. आवाज करणाऱ्या एका खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल होता.

शहरात नेऊन दुर्बिणीने तो काढला. मूल वाचलं. पण अन्ननलिका जळून आकसली होती. पुढची कित्येक वर्षं ती रुंद करून घेण्यासाठी त्या मुलाला पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली. आई-वडील मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी हाताने पोट तपासून 'पडेल' म्हणणं सोडलं. पोटावर हात ठेवून आतली वस्तू काय आहे आणि कुठे आहे हे कुठल्याच डॉक्टरला कळत नाही. कळतं असं जो सांगतो, तो अंदाज सांगतो.

केळ्याला श्रेय का मिळतं?

"अहो डॉक्टर, आमच्या घरात तीन मुलांनी नाणी गिळली, तिन्ही केळ्यावर पडली." हे मी शंभरदा ऐकलंय, आणि ते खरंही आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या.

गिळलेली वस्तू जठरात पोचली की ढोबळमानाने शंभरातल्या ऐंशी-नव्वद वस्तू आपोआप बाहेर पडतात. दहा-वीस जणांना एंडोस्कोपी लागते, शस्त्रक्रिया लागणारा एखादाच. म्हणजे तुमच्या घरातली तिन्ही नाणी केळं न देताही पडली असती. पेरू दिला असता तर श्रेय पेरूला गेलं असतं. केळं फक्त तिथे हजर होतं.

उरलेल्या दहा-वीस मुलांना मात्र हेच केळं महागात पडतं. वस्तू अन्ननलिकेत अडकली असेल तर वरून ढकललेलं केळं तिच्यावर साचतं. मुलाला ओकारी येते, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. वस्तू काढायला भूल द्यावी लागते आणि भुलीला पोट रिकामं लागतं. तीन केळी खाल्लेलं मूल समोर आलं की भूलतज्ज्ञ अडचणीत सापडतो: थांबावं तर वस्तू आत बसलेली, थांबू नये तर पोट भरलेलं.

मूल वाचलं की केळ्याची गोष्ट सगळ्या नात्यात सांगितली जाते. जे मूल बिघडतं त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. म्हणून घरगुती उपायांच्या यादीत यशच यश दिसतं.

धावायचं कुठे?

बटण सेलसाठी. आज एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी लेखाचं काम झालं.

रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, लुकलुकणाऱ्या चपला, गाणारं भेटकार्ड, दिवाळीतल्या लाइटच्या पणत्या, मुलांच्या लाइटवाल्या राख्या, कानाचं मशीन. घरात फिरून मोजा, आठ-दहा सेल सहज सापडतील. यातला सगळ्यात घातक म्हणजे सीआर २०३२ सारखा लिथियम सेल. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ताकद ३ व्होल्ट. आकाराने साधारण रुपयाएवढा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी योग्य मापाचा.

तो फुटून आतलं रसायन गळतं आणि म्हणून जळतं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. मुख्य कारण ते नाही. सेल दोन्ही बाजूंनी ओल्या त्वचेला टेकला की लाळेतून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. नाली साफ करायच्या कॉस्टिक सोड्यासारखी, आणि अन्ननलिकेची भिंत त्याच तऱ्हेने जळू लागते. गंभीर इजेला दोन तास पुरतात. दोन दिवस नव्हे, दोन तास. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या 'संपलेल्या' सेलमध्येही जाळण्यापुरती वीज शिल्लक असते.

सेल काढला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जळलेली भिंत नंतरही झिजत राहते. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडू शकतं. शेजारच्या मोठ्या रोहिणीपर्यंत जखम पोचली तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीसुद्धा जीवघेणा रक्तस्राव होतो. म्हणून सेल काढल्यानंतर बोलावलेल्या प्रत्येक तपासणीला जायचं.

सुरुवातीला मूल अगदी बरं दिसू शकतं, आणि फसगत नेमकी तिथेच होते. लाळ गळणं, घन पदार्थ नको म्हणणं, उलटी, खोकला, छातीशी हात नेणं ही लक्षणं दिसेपर्यंत आत जाळ सुरू झालेला असतो.

म्हणून 'नाणं असेल' हे वाक्य मला चालत नाही. कोणी डोळ्यांनी पाहिलं नसेल तर एक्स-रेने सिद्ध होईपर्यंत तो सेलच आहे असं धरायचं. एक्स-रे मानेपासून ओटीपोटापर्यंत काढायचा, समोरून आणि बाजूने. समोरून दुहेरी कडा आणि बाजूने पायरी दिसली की सेल. तो अन्ननलिकेत असेल तर रात्रीचे किती वाजलेत हे न बघता, एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच निघायचं.

आता एक गंमत सांगतो. घरगुती उपायांना माझा सरसकट विरोध नाही. पुरावा असलेला एक उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे, तो म्हणजे मध. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळल्याची खात्री किंवा दाट शंका असेल, बारा तास उलटलेले नसतील आणि मुलाला गिळता येत असेल, तर रुग्णालयात जाताना वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्यायचा. जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलवर लेप धरतो आणि अल्कलीचा जोर कमी करतो. मधाने सेल बाहेर येत नाही, फक्त थोडा वेळ मिळतो. मध शोधत बसून निघायला उशीर करायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. मधाखेरीज दुसरं काही खायला-प्यायला द्यायचं नाही. केळं तर नाहीच.

आणखी कशासाठी धावायचं?

लोहचुंबक. एक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन किंवा जास्त गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा गिळला, तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना चिकटतात. मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. एक्स-रेत दोन चुंबक चिकटून एकच दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना 'चुंबक' हा शब्द स्पष्ट सांगा.

टोकदार वस्तू. उघडी सेफ्टी पिन, सुई, स्कार्फची पिन. साडी नेसताना पिना ओठांत धरणाऱ्या माझ्या भगिनींनो, कृपा करून ही सवय सोडा. वयस्कर माणसांच्या सुट्या कवळ्याही याच यादीत येतात.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी. गिळताना मोहरीएवढे, आतड्यात पोचेपर्यंत लिंबाएवढे. साध्या एक्स-रेत ते दिसत नाहीत.

आणि सगळ्यात तातडीची, श्वासनलिकेत गेलेली वस्तू. इथे हिशोब मिनिटांचा असतो.

संक्रांतीनंतर आपण बोरन्हाण करतो. मला तो सोहळा आवडतो. पण एक वर्षाच्या बाळाच्या डोक्यावर बोरं, हरभरे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा ओततात आणि भोवती दोन-तीन वर्षांची पोरं ते वेचून, हसत-ओरडत, पळत तोंडात टाकतात. श्वासनलिकेत दाणा जाण्यासाठी याहून सोयीचा प्रसंग मला सुचत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बी असलेलं बोर किंवा सीताफळ देऊ नका. बोरन्हाणाला चुरमुरे ओता, मऊ गोळ्या-बिस्किटं ओता. सोहळा कमी होत नाही.

दाणा अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. खोकल्याएवढं चांगलं यंत्र आमच्याकडेही नाही. पण खोकला बंद झाला, आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले, तर कोणाची वाट बघू नका. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला किंवा माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. हे आलटून पालटून करा. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा, पाठीवर पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबा. बाळाचं पोट दाबायचं नाही. शेजारच्या माणसाने तोवर १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली तर सीपीआर. हे वाचून येत नाही, एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

इथेही 'थांबा'वाले आडवे येतात. मुलाला ठसका लागतो, निळं पडतं, मग बरं वाटतं. "गेलं खाली," म्हणतात. खाली गेलेलं असतं, पण फुप्फुसाच्या नळीत. मूल काही दिवस ठीक असतं. मग खोकला, ताप, एका बाजूला घरघर. दोनदा न्यूमोनिया म्हणून औषध होतं, एकदा दमा म्हणून. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मलही येऊ शकतो. आत तो फुगतो, भोवती सूज येते. काढण्याचा मार्ग एकच, ब्रॉन्कोस्कोपी. 'खाताना अचानक लागलेला ठसका' ही हकीकत डॉक्टरांनी विचारली नाही तरी तुम्ही सांगा.

हात आवरायचा कुठे?

आता नाण्याची दुसरी बाजू. घरातल्या माणसांची बोटं आणि चिमटे.

मुलाच्या घशात काही अडकलं की पहिलं बोट आत जातं. वस्तू डोळ्यांना दिसत असेल आणि बोटांच्या चिमटीत येत असेल तर काढा. दिसत नसेल तर आंधळेपणाने बोट फिरवू नका. अर्धवट अडकलेली वस्तू त्याच बोटाने पूर्ण अडकते. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजणं तर त्याहून वाईट. पिन वर येताना पुन्हा फाडते, उलटी फुप्फुसात जाते, आणि जास्त मीठ लहान मुलाला विषासारखं बाधू शकतं.

कोकणातल्या वाचकांना माशाच्या काट्यावर मी काही सांगितलं तर राग येईल. कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, हे तिथलं पहिलं शास्त्र. काटा टॉन्सिलमध्ये बारीक टोचलेला असेल तर कधी कधी सुटतो. पण तिरका बसला असेल तर गोळा त्याला आणखी आत रुतवतो. गिळताना दुखत राहिलं, लाळ गिळवेना, मानेत किंवा छातीत दुखू लागलं, तर गोळ्यावर गोळे गिळण्याऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. टॉन्सिलमधला काटा ते दोन मिनिटांत काढतात.

कानात वाटाणा गेला की हेअरपिन, काडी, स्कूटरची चावी! बाहेरच्या तोंडाशी असलेला वाटाणा आत पडद्यापर्यंत नेऊन ठेवणारं हत्यार दर वेळी घरातलंच असतं. पाणी घालाल तर तो फुगतो. कानात जिवंत किडा वळवळत असेल, आणि कान आधीपासून फुटलेला नसेल, तर कोमट खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब टाका. किडा मरेल, वेदना थांबेल, मग डॉक्टर काढतील. कानात किंवा नाकात सेल असेल तर मात्र कुठलाही थेंब टाकायचा नाही, लगेच निघायचं.

नाकात मणी अडकला तर चिमटा नको. आईने मुलाच्या तोंडावर तोंड ठेवून, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करून, एक जोराची फुंकर मारायची. दहातल्या साधारण सहा मुलांत वस्तू बाहेर येते. डॉक्टरांसमोर केलेलं उत्तम. हाही घरगुती उपायच आहे, आणि त्यालाही मी मान देतो, कारण तो तपासून पाहिलेला आहे.

डोळ्यात ग्राइंडिंगचा कण गेला तर शेजारच्या कामगाराने रुमालाच्या टोकाने काढायचा नाही. पाण्याने धुवा, निघाला तर ठीक. रुतला असेल तर डोळा न चोळता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आणि चाकू, सळई किंवा काचेचा मोठा तुकडा शरीरात घुसला असेल तर उपसू नका. तुटलेली रक्तवाहिनी त्याच वस्तूने दाबलेली असू शकते. ती हलणार नाही अशी आधार देऊन बांधा आणि तशीच रुग्णालयात न्या.

गोळी काढणारा हिरो

'काढलीच पाहिजे' हे वेड आपल्याला सिनेमानेही लावलंय. हिरोला गोळी लागते, मित्र चाकू तापवतो, हिरो दातांत पट्टा धरतो, गोळी टण्णकन ताटलीत पडते आणि पुढच्या दृश्यात हिरो घोड्यावर.

प्रत्यक्षात काय होतं याचा दाखला इतिहासात आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या पाठीत गोळी लागली. जखमेतल्या जंतूंबद्दल जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण अमेरिकेतल्या अनेक डॉक्टरांना ते पटलेलं नव्हतं. न धुतलेली बोटं आणि उपकरणं जखमेत पुन्हा पुन्हा घालून गोळी शोधली गेली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीही आपलं धातुशोधक यंत्र आणलं. गोळी सापडली नाही. जंतुसंसर्ग पसरत गेला आणि १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी भलत्याच बाजूला, भोवती आवरण धरून निवांत बसलेली आढळली.

दुसरे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. १९१२ मध्ये त्यांच्या छातीत गोळी लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गोळी कुठे आहे हे पाहिलं आणि ती तिथेच राहू द्यायचं ठरवलं. १९१९ मध्ये ते वारले तेव्हाही ती गोळी छातीतच होती.

दोन गोळ्यांत फरक काय? एकीत हात आंधळा होता, दुसरीत आधी पाहिलं गेलं. वस्तू काढायची की नाही, कधी आणि कोणी, हे वस्तू काय आहे आणि कुठे आहे यावरून ठरतं. आपल्या भीतीवरून किंवा आपल्या धीरावरून ठरत नाही.

"तुम्हा डॉक्टरांना एक्स-रेचे पैसे हवेत"

हा आरोप मला ठाऊक आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. जठरात पोचलेल्या नाण्यासाठी आई-वडिलांना घाबरवून एंडोस्कोपी करणं चूकच. जठरातलं नाणं, मूल व्यवस्थित, पोटात दुखत नाही: अशा वेळी खरोखरच काही करायचं नसतं. नेहमीचं जेवण द्यायचं, शौच बघायचं. चार-सहा दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. अन्ननलिकेत अडकलेलं नाणंसुद्धा, मुलाला काही त्रास नसेल तर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही तास थांबून पाहता येतं. काही नाणी स्वतःच खाली सरकतात. चोवीस तासांत सरकलं नाही तर काढतात. लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर लगेच.

म्हणजे 'थांबा' हा सल्ला चुकीचा नाही. एक्स-रे न पाहता दिलेला 'थांबा' चुकीचा आहे. त्या एक्स-रेला काही शंभर रुपये लागतात. अन्ननलिका वर्षानुवर्षं रुंद करून घ्यायला किती लागतात, हे मी त्या मुलाच्या वडिलांकडून ऐकलंय.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो. पेशंट दुसऱ्या गावी पाठवला की आपलं वजन कमी होतं असं वाटून 'बघू उद्या' म्हणू नका. तो 'उद्या' मी एका मुलाला दिला होता.

काढणारे आम्ही, पेरणारे कोण?

शेवटी ज्यांच्यावर खरा राग आहे त्यांच्याकडे येतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात शेव्हालिए जॅक्सन नावाचे डॉक्टर होते (१८६५ ते १९५८). गिळलेल्या आणि श्वासात गेलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू काढल्याचा त्यांचा संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयात आजही आहे. पिना, नाणी, बटणं, हाडं. पण मला त्यांचा आदर वाटतो तो दुसऱ्या कामासाठी. त्या काळी घराघरात साफसफाईला तीव्र अल्कली वापरत, ती साखरेसारखी दिसे आणि मुलं चाखत. अन्ननलिका जळून आकसलेली मुलं त्यांच्याकडे येत. जॅक्सन नुसते उपचार करून थांबले नाहीत. अशा डब्यांवर विषाची सूचना छापलीच पाहिजे यासाठी ते झगडत राहिले, आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला.

आज तीच अल्कली, तीच जळालेली अन्ननलिका, फक्त डब्याऐवजी सेल. ऑस्ट्रेलियाने जून २०२२ पासून बटण सेल असलेल्या वस्तूंसाठी सुरक्षेचे नियम सक्तीचे केले. त्याच वर्षी अमेरिकेत, सेल गिळून दगावलेल्या एका चिमुकलीच्या नावाने, 'रीस लॉ' झाला. सेलचा कप्पा लहान मुलाला उघडता येणार नाही असा हवा आणि त्यावर धोक्याची सूचना हवी, हा त्याचा गाभा.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चांगली गोष्ट आहे. पण मुलं फक्त खेळण्यांशी खेळतात, असं कोणी सांगितलं? रिमोट हे खेळणं नाही, वजनकाटा खेळणं नाही, गाडीची चावी खेळणं नाही. जत्रेत आणि सिग्नलवर विकल्या जाणाऱ्या लुकलुकत्या वस्तूंवर तर कुठलंच चिन्ह नसतं. नखाने उघडणारं झाकण, आत ३ व्होल्टचा सेल, किंमत वीस रुपये. त्या झाकणाला एक बारीक स्क्रू लावला तर किती खर्च येतो? पंचवीस पैसे? एका मुलाच्या अन्ननलिकेपुढे तो खर्च उत्पादकाला जड वाटतो, आणि आपणही तो मागत नाही. आई लक्ष देत नव्हती म्हणून मूल गिळलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. दोन वर्षांच्या मुलावर चोवीस तास नजर ठेवणारी आई मी तीस वर्षांत पाहिलेली नाही. अशी आई नसते. स्क्रू मात्र असू शकतो.

कायदा होईल तेव्हा होवो. तुम्ही आजच करायच्या गोष्टी:

१. घरातला प्रत्येक सेलचा कप्पा तपासा. स्क्रू नसेल तर जाड चिकटपट्टी लावा. स्क्रू नसलेली लुकलुकती वस्तू लहान मुलाच्या घरी भेट देऊ नका.

२. वापरून संपलेला सेल टेबलावर ठेवू नका. चिकटपट्टीत गुंडाळून मुलाच्या हाताला न लागेल असा ठेवा.

३. मुलाने काहीतरी गिळलं आणि काय ते पाहिलं नाही, तर लगेच एक्स-रे. उपाशीपोटी न्या. तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत घ्या.

४. केळं, भाताचा गोळा, मिठाचं पाणी, घशात बोट: नाही.

५. सेलची शंका असेल तर घड्याळ बघा. हातात दोन तास आहेत.

त्या रात्री फोनवरच्या आईला मी एवढंच सांगितलं, "केळी बंद करा आणि आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढा." ती थोडी नाराज झाली. तासाभराने मोबाइलवर एक्स-रेचा फोटो आला. जठरात गोल वस्तू, कड एकच, नाणंच होतं. "उगाच एवढी धावपळ झाली, डॉक्टर," ती म्हणाली.

ताई, अशी उगाच झालेली धावपळ मी दर महिन्याला करायला तयार आहे.